मोजणीबाहेरचे पादचारी

रस्त्याचे रुंदीकरण करायचे, वळणरस्ता काढायचा किंवा चौकात सिग्नल बसवायचा म्हटले की आधी वाहनांची मोजणी होते, आणि ती नुसती नगांत न मांडता प्रत्येक वाहन मोटारीच्या मानाने रस्त्याची किती जागा अडवते हे पाहून एका समान मापात बदलली जाते. या मापाला वाहतूक अभियांत्रिकीत प्रवासी मोटार एकक म्हणतात. रस्त्यांची मानके ठरविणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसने ग्रामीण रस्त्यांसाठी केलेल्या तक्त्यात मोटार म्हणजे एक, मोटारसायकल अर्धे, ट्रक तीन, हातगाडी तीन आणि बैलगाडी आठ एकके असा हिशेब आहे. बैलगाडीची अडवणूकही काटेकोरपणे नोंदविणाऱ्या या तक्त्यात पायी चालणाऱ्या माणसासाठी ओळ नाही. रस्ता किती रुंद हवा हे या बेरजेवरून ठरत असल्यामुळे, बेरजेत नसलेल्या माणसाला रस्त्यात जागा उरत नाही, आणि मग तो बाजूच्या गटारावरच्या ढाप्यांवरून किंवा सरळ वाहनांमधून वाट काढतो, तेव्हा त्यालाच बेशिस्त ठरविले जाते.

पादचाऱ्यांच्या हालचालींचा अभ्यास ही विद्याशाखा गेल्या पन्नाससाठ वर्षांत उभी राहिली ती हीच उणीव भरून काढण्यासाठी. माणसे कोणत्या वाटेने चालतात, किती वेगाने चालतात, कोठे थांबतात, कोठे वाकडी वाट करतात आणि कोणत्या कारणाने चालणे सोडून गाडीला किक मारतात, हे मोजून त्यावरून रस्ते आणि वस्त्या आखाव्यात, असे ती सांगते. इंधन न जाळता, धूर न करता आणि उभ्या गाड्यांसाठी जागा न अडवता होणारा प्रवास म्हणजे चालणे, त्यामुळे पर्यावरणाला झेपेल असे शहर हवे असेल तर या अभ्यासाला फाटा देता येत नाही. हा विषय निघाला की डोळ्यांपुढे मुंबई, पुणे किंवा परदेशातली शहरे येतात. त्याची गरज मात्र चोपड्यासारख्या तालुक्याच्या गावांना अधिक आहे, कारण तेथील माणूस अजून पायी चालतो आहे आणि ही सवय मोडण्याच्या बेतात आहे.

जळगाव जिल्ह्यात तापीच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले चोपडा हे नगरपरिषदेचे गाव असून २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सुमारे ७२ हजार होती. बऱ्हाणपूरहून रावेर, यावल, चोपडा, शिरपूरमार्गे अंकलेश्वरकडे जाणारा रस्ता येथून जातो. गावाला रेल्वे नाही, अमळनेर, धरणगाव किंवा जळगावचे स्टेशन गाठावे लागते, त्यामुळे तालुक्याची ये-जा मुख्यतः एस.टी., काळीपिवळी आणि दुचाकी यांवर चालते. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला अर्ध्यापाऊण तासात पायी जाता येईल एवढाच गावाचा आवाका आहे. वाहतुकीच्या भाषेत याचा अर्थ असा, की गावातील बहुतेक कामांना वाहनाची गरजच नसावी.

२०११ च्या जनगणनेत लोक कामावर कशाने जातात हे विचारले गेले होते. देशातील सुमारे २० कोटी कामगारांच्या उत्तरांतून असे दिसले, की प्रवास करावाच लागत नाही असे सांगणारे वगळता सर्वांत मोठा गट पायी जाणाऱ्यांचा, म्हणजे सुमारे साडेचार कोटींचा होता, तर मोटारीने जाणारे अर्ध्या कोटीच्या आसपास होते. आकडा मोठा वाटला तरी तो अपुरा आहे, कारण हा प्रश्न शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामे करणाऱ्यांनाच विचारला गेला होता. शेतात मजुरीला जाणारी बाई, शाळेत जाणारी मुले, भाजी आणायला निघालेली गृहिणी आणि दवाखान्यात जाणारे म्हातारे हे या गणतीत नाहीत. खानदेशातल्या कोणत्याही गावचा रस्ता सकाळी आठ ते अकरा या वेळेत ज्यांनी भरलेला असतो, नेमके तेच लोक गाळून काढलेला हा हिशेब आहे. ज्या एका खात्यात पादचारी न चुकता नोंदला जातो ते अपघाताचे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांपैकी ३२,८२५ जण पायी चालणारे होते.

मोजणीची सर्वांत साधी रीत म्हणजे रस्त्यावर एक आडवी रेषा मनात धरून ती ओलांडणाऱ्यांची दर पंधरा मिनिटांना नोंद घेणे. तिच्या जोडीला दोन खुणांमधले अंतर कापायला किती सेकंद लागतात हे पाहिले की वेग मिळतो, आणि ठरावीक चौरस मीटरमध्ये एका क्षणी किती माणसे आहेत हे छायाचित्रावरून मोजले की दाटी, म्हणजेच घनता कळते. घनता वाढली की वेग कमी होतो. या दोहोंच्या नात्याचा जो आलेख काढतात त्यावर जिन्याची रुंदी, पुलाची रुंदी आणि जत्रेतल्या वाटांची आखणी अवलंबून असते. मोकळ्या वाटेवर धडधाकट माणूस सेकंदाला साधारण सव्वा मीटर चालतो, आणि चौरस मीटरमध्ये चारपाच माणसे झाली की पाऊल टाकायला जागा उरत नाही व माणूस स्वतःच्या इच्छेने नव्हे, तर रेट्याने सरकू लागतो. जॉन फ्रुइन या अमेरिकी अभियंत्याने १९७१ च्या आपल्या ग्रंथात न्यूयॉर्कमधील निरीक्षणांवरून दाटीच्या पायऱ्या ठरविल्या आणि पुढे जगभरच्या नियमावल्यांनी त्या थोड्याफार फरकाने उचलल्या.

न्यूयॉर्कची मापे खानदेशात चालतील का, ही शंका रास्त आहे, आणि तिला प्रयोगाचा आधारही आहे. आयआयटी कानपूरचे पार्थ चक्रवर्ती आणि जर्मनीतील आर्मिन झायफ्रीड यांच्या गटाने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात दोन्ही देशांतील माणसांना सुमारे सतरा मीटर लांबीच्या बंद वाटेवर एकामागोमाग चालविले, आणि माणसांची संख्या वाढवत नेऊन प्रत्येक वेळी त्यांचा वेग मोजला. दाटी वाढली तसे दोन्हीकडचे लोक मंदावले, पण तितक्याच दाटीत भारतीय माणसे जर्मनांपेक्षा वेगाने चालत राहिली, कारण पुढच्या माणसापासून राखायचे अंतर त्यांच्या लेखी कमी होते. हा निष्कर्ष दुधारी आहे. भारतीय गर्दी अरुंद जागेतून अधिक माणसे नेते हे खरे, पण परक्या मापाने सुरक्षित ठरलेली वाट येथे अपेक्षेपेक्षा लवकर भरते आणि धोक्याची सूचना देणारा मंदपणा उशिरा दिसतो, हेही तितकेच खरे.

माणसांच्या या वागण्याचे गणित मांडण्याचा सर्वांत गाजलेला प्रयत्न डर्क हेल्बिंग आणि पीटर मोल्नार यांनी १९९५ मध्ये केला. चालणारा प्रत्येक जण आपल्या ठिकाणाकडे ओढला जातो आणि इतर माणसे व भिंती त्याला जणू दूर ढकलतात, असे मानून त्यांनी जे समीकरण लिहिले त्यातून समोरासमोरून येणाऱ्या गर्दीच्या आपोआप रांगा कशा पडतात हे संगणकावर दिसू लागले. पुढे मेहदी मुसईद यांच्या गटाने २०१० मध्ये दाखविले, की गर्दीतले बहुसंख्य लोक एकटे नसतातच. ते दोघे, तिघे, चौघे मिळून चालतात. वाट मोकळी असेल तर ते एका ओळीत, खांद्याला खांदा लावून जातात आणि दाटी वाढली की ओळ मधोमध मागे वाकते, कारण प्रत्येकाला दुसऱ्याचे तोंड दिसायला हवे असते, बोलणे तुटू द्यायचे नसते. अशी वाकलेली ओळ समोरच्या गर्दीला फाकवून पुढे जाण्याऐवजी तिला अंगावर घेते, म्हणून एकूण चाल मंदावते.

होळीच्या आधीच्या आठवड्यात सातपुड्याच्या पट्ट्यातील गावोगावच्या आठवडे बाजाराला भोंगऱ्या या आदिवासी जत्रेचे रूप येते, तेव्हा हा निष्कर्ष चोपडा तालुक्यात कोणालाही डोळ्यांनी पाहता येतो. पावरा, बारेला, भिल्ल वस्त्यांमधून आलेली माणसे घोळक्यांनीच फिरतात, घोळक्यात ढोल आणि पावरी असते, नवे कपडे आणि चांदीचे दागिने घातलेल्या मुलींचे गट हातात हात घालून चालतात, आणि ढोल वाजू लागला की चालणारे थांबून त्याच जागी फेर धरतात. अशा दिवशी दर पंधरा मिनिटांना किती डोकी गेली हे मोजून फारसे काही हाती लागत नाही. घोळके किती मोठे, कोठे थांबले, कोणत्या तोंडाने आत शिरले आणि पांगताना कोणत्या वाटेने गेले हे टिपावे लागते. एरवीच्या बाजारालाही हेच लागू आहे. न्यूयॉर्कचे रस्ते कॅमेऱ्याने टिपणाऱ्या विल्यम व्हाइट या निरीक्षकाला आढळले होते, की ओळखीची माणसे भेटली की ती बाजूला न होता ऐन रहदारीच्या मधोमध उभी राहून बोलतात. ‘काय भाऊ, कधी आला?’ म्हणत चौकाच्या मध्यावर थांबणाऱ्या खानदेशी माणसाला हे सांगायला अमेरिकी संशोधकाची गरज नव्हती, पण रस्त्याच्या रुंदीचा हिशेब करताना थांबणाऱ्याची जागाही धरावी लागते, ही गोष्ट त्या निरीक्षणामुळे आखणीकारांना मान्य करावी लागली.

खानदेशापुरता एक घटक असा आहे, की जो युरोपीय ग्रंथांत जवळजवळ सापडत नाही, आणि तो म्हणजे ऊन. मे महिन्यात जळगाव जिल्ह्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि माणसाची वाट अंतरावरून नव्हे, तर सावलीवरून ठरू लागते. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या रस्त्यावर सकाळी पूर्वेकडच्या घरांची सावली पूर्वेच्या कडेला पडते आणि दुपार कलल्यावर ती पश्चिमेच्या कडेला जाते, त्यामुळे एकाच रस्त्याची एक कडा सकाळी भरलेली आणि दुसरी रिकामी असते. म्हणून येथील मोजणी दोन्ही कडांची वेगवेगळी आणि तासागणिक व्हायला हवी. चोपडा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, सव्वाएकवीस अंश अक्षांशाच्या जवळपास असल्यामुळे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य मध्यान्ही नेमका डोक्यावर येतो आणि घरांची सावली दोन्ही कडांवरून नाहीशी होते. त्या काळात उरते ती फक्त झाडाची, दुकानापुढच्या पत्र्याची किंवा व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून रस्त्यावर आडव्या बांधलेल्या हिरव्या जाळीची सावली. रुंदीकरणात रस्त्याकडेचा कडुनिंब पडला, तर वाहनांच्या तक्त्यात जागा वाढल्याची नोंद होते. त्या झाडाखालून जाणारी माणसे दुपारी बारा ते चार कोठे गेली, याची नोंद कोणत्याच तक्त्यात होत नाही.

माणूस चालणे सोडतो ते अशाच ठिकाणी. अर्ध्या किलोमीटरवरच्या किराणा दुकानात जायला दुचाकी काढणाऱ्याला आळशी म्हणणे सोपे आहे, पण त्याच्या वाटेत ऊन, उघडे गटार, ओट्यापुढे आडव्या लावलेल्या गाड्या, हंगामात कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि केळीचे ट्रक असतील, तर चालण्यापेक्षा गाडी काढण्यातच शहाणपण ठरते. भिंतीपासून आणि गटाराच्या कडेपासून माणूस आपोआप अर्धा मीटर तरी अंग चोरून चालतो, त्यामुळे कागदावर दीड मीटर दिसणारी पट्टी प्रत्यक्षात पाऊण मीटरचीही भरत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेत पदपथ किमान १.८ मीटर रुंद आणि अडथळामुक्त असावा असे सांगितले आहे. चाकांच्या दोन खुर्च्या समोरासमोर आल्या तरी निघून जाव्यात, हा त्यामागचा विचार आहे. तालुक्याच्या गावांत एवढ्या रुंदीचा अखंड पदपथ हुडकावा लागेल.

रस्ता ओलांडण्याची सोय कोठे करावी यासाठी याच मार्गदर्शिकेत एक सूत्र आहे आणि ते जरा थांबून पाहण्यासारखे आहे. गर्दीच्या तासातील पादचाऱ्यांच्या संख्येला वाहनसंख्येच्या वर्गाने गुणायचे, आणि दुभाजक नसलेल्या रस्त्यावर गुणाकार दहा कोटींच्या वर गेला तर ती जागा सोयीस पात्र धरायची. ताशी ५०० वाहने असतील तर त्यासाठी ताशी ४०० माणसांनी रस्ता ओलांडलेला असला पाहिजे, वाहने १,००० असतील तर १०० माणसे पुरतात. सूत्र गणिती दृष्टीने निर्दोष असले तरी त्यात मोजले जातात ते भीती न बाळगता ओलांडणारेच. ज्या शाळकरी मुलीला तिच्या वडिलांनी पलीकडे एकटी जाऊ नको म्हणून सांगितले आहे आणि ज्या म्हातारीचे पलीकडच्या देवळात जाणेच बंद झाले आहे, त्या दोघी मोजणीच्या वेळी तेथे नसतात. सिग्नलचा वेळ ठरवितानाही सेकंदाला १.२ मीटर हा वेग धरतात. त्या हिशेबाने बारा मीटरचा रस्ता दहा सेकंदांत पार होतो, पण डोक्यावर पाटी असलेल्या बाईला किंवा गुडघे दुखणाऱ्या माणसाला पंधरा सेकंद लागू शकतात, आणि उरलेले पाच सेकंद त्यांनी सुटलेल्या वाहनांपुढे काढायचे असतात.

एस.टी. बसस्थानकाचे फाटक ही चोपड्यासारख्या गावात मोजणी सुरू करण्याची पहिली जागा ठरावी, कारण बसमधून उतरलेला प्रत्येक प्रवासी त्या क्षणी पादचारी होतो. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी. भाड्यात पन्नास टक्के सवलत मिळू लागली आणि त्याआधी ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांचा प्रवास मोफत झाला. सवलतीमुळे जे घराबाहेर पडू लागले ते बहुतेक स्त्रिया आणि वृद्ध, म्हणजे उतरल्यावर पायी जाण्याची शक्यता सर्वांत जास्त असलेले लोक. शासनाने तिकिटाचा विचार केला, फाटकाबाहेरच्या दोनशे पावलांचा विचार मात्र स्थानिक संस्थेवर सोडला.

महाराष्ट्रात हा अभ्यास अगदीच झाला नाही असे नाही, पण बहुधा तो अपघातानंतर झाला. २००३ च्या सिंहस्थात नाशिकला रामकुंडाकडे उतरणाऱ्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी होऊन तिसाहून अधिक भाविक मरण पावले. २०१५ च्या सिंहस्थात नाशिकच्याच विद्यार्थ्यांच्या एका गटाने दाबाची जाणीव होणारी चटई बनवून ती वाटेत अंथरली, आणि तिच्यावरून गेलेल्या पावलांवरून कोणत्या वाटेने किती माणसे जात आहेत हे त्या क्षणी कळू लागले. खर्चिक कॅमेऱ्यांपेक्षा स्वस्त आणि कोणाचाही चेहरा न टिपणारे हे साधन खानदेशासाठी विशेष मोलाचे आहे, कारण येथील माणसे चैत्रात सप्तशृंगी गडाकडे आणि वैशाखात अमळनेरच्या सखाराम महाराजांच्या यात्रेला मोठ्या संख्येने जातात, आणि गडाचे भाविक तर महामार्गाच्या कडेने कित्येक दिवस चालत असतात. मुंबईत २००८ पासून उभारलेल्या स्कायवॉकची कथा याच्या उलट आहे. त्यावर पैसा ओतला गेला, पण जिने चढायला नको म्हणून पुष्कळ लोक खालूनच जात राहिले. चढ आणि वळसा माणूस किती सोसतो हे आधी मोजले असते, तर त्यांतले काही पूल बांधलेच गेले नसते. पुण्याने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले आणि ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्याचा एक भाग वाहनांना बंद करून पादचारी दिन पाळला. वाहने बंद झाली की गिऱ्हाईक तुटेल, ही व्यापाऱ्यांची भीती सर्वत्र सारखीच असते. कोपनहेगनचा स्ट्रॉगेट हा रस्ता १९६२ मध्ये पादचाऱ्यांना दिला गेला तेव्हा तेथील दुकानदारही हेच म्हणत होते.

खानदेशाला आखीव गावाचाही वारसा आहे. ब्रिटिश अंमलाच्या आरंभी कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळे हे मुख्यालय निवडून नवी पेठ सरळ रेषेत आखविली, आणि तेथील गल्ल्या आजही क्रमांकांनीच ओळखल्या जातात. चोपड्याची जुनी बाजारपेठ अशी आखीव नाही, ती वाकत, अरुंद होत वाढलेली आहे. आखणीकाराला पहिली सोपी आणि दुसरी अडचणीची वाटते, पण चालणाऱ्याच्या दृष्टीने अरुंद, वाकडी गल्ली सावली देते आणि वाहनाचा वेग आपोआप मोडते. १९१५ च्या सुमारास मुंबई इलाख्यातील गावे पायी हिंडून पाहणारे आणि १९१९ पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकविणारे पॅट्रिक गेडिस यांचा आग्रह होता, की आधी सर्वेक्षण आणि मग आराखडा, आणि जुन्या गल्ल्या सरसकट पाडण्यापेक्षा एखादे पडके घर काढून, एखादा पार मोकळा करून काम भागवावे. शंभर वर्षांनंतरही नगररचनेच्या विद्यार्थ्यांना हे शिकवले जाते, आणि नोकरीत शिरल्यावर विसरले जाते.

सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२५ रोजी अडथळामुक्त पदपथाचा हक्क हा राज्यघटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग ठरवून राज्यांना पादचाऱ्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे आखण्यास सांगितले आहे, त्यामुळे नगरपरिषदांना हा विषय आता ऐच्छिक राहिलेला नाही. तालुक्याच्या गावात मोजणीला लागणारी सामग्रीही किरकोळ आहे. राष्ट्रीय सेवा योजनेतील विद्यार्थी, घड्याळ आणि रकाने आखलेला कागद एवढ्यावर काम होते, मात्र रकाने विचारपूर्वक आखले पाहिजेत. नुसते स्त्री-पुरुष नव्हे, तर हातात ओझे आहे का, सोबत मूल आहे का, माणूस पदपथावरून गेला की रस्त्यावरून आणि उन्हातून की सावलीतून, हे त्यात हवे. दिवसही निवडून घ्यावे लागतील: एक आठवडे बाजाराचा, एक साधा, एक भर मे महिन्यातला, एक पावसाळ्यातला आणि एक भोंगऱ्याचा. त्याच्या जोडीला दुचाकी काढणाऱ्या काही जणांना, हे अंतर चालत का गेला नाहीत, एवढे विचारले तरी पुष्कळ कळेल.

हे कागद पुढे दोन टेबलांवर जातात. रस्त्याची रुंदी, आरक्षणे आणि मोकळ्या जागा १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाखाली होणाऱ्या विकास योजनेत ठरतात. तिचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर ठरलेल्या मुदतीत कोणाही नागरिकाला हरकत किंवा सूचना देता येते आणि नियोजन समितीला त्यावर सुनावणी घेऊन अहवाल द्यावा लागतो. ढापे, गटाराची झाकणे, झाडे, सावलीची जाळी आणि फेरीवाल्यांच्या जागा यांचा निर्णय मात्र नगरपरिषदेच्या दरवर्षीच्या अंदाजपत्रकात होतो. कोणत्या गल्लीतले ढापे आधी बदलायचे हे आज बहुधा नगरसेवकाच्या वजनावर ठरते, आणि त्या गल्लीतून तासाला किती पावले जातात हे सांगणारा कागद समोर आला तर निदान वाद घालायला एक आकडा तरी मिळेल.